सही जुळत नाही

बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं काढलेल्या माणसाला शिक्क्याचं अप्रूप उरत नाही. हलवायाला जिलबीचं असावं, तेवढंच. दिवसातून तीन-चारशे वेळा तो हाताखालून जातो आणि संध्याकाळी जेवताना वरणभातालाही शाईचा वास येतो. अशा माणसाला कुणी सांगितलं असतं, की तू एक दिवस भर जुलैत 200 किलोमीटर सायकल मारशील आणि तीही कार्डावर शिक्का उठवून घ्यायला, तर त्याने सांगणाऱ्याला पुढच्या खिडकीवर पाठवलं असतं.

दोष आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाचा. हा आयटीत आहे. दाढी वाढवतो आणि पायांवरचे केस काढतो. साधारणपणे लोक उलट करतात. लिफ्टमध्ये तो सायकल उभी धरून आत शिरतो तेव्हा बाकीचे जिन्याने जातात. एकदा मी गाफील राहिलो आणि तीन मजले त्याच्याबरोबर अडकलो.

"काका, तुम्ही रोज सायकलवर बँकेत जाता ना? मग बीआरएम करा की एक."

"या वयात रेस?"

"रेस नाहीच ती. कुणाशी स्पर्धा नाही, नंबर नाही. 200 किलोमीटर जायचं, साडेतेरा तासांत संपवायचं. वाटेत कार्डावर शिक्के घ्यायचे, बास."

'शिक्के' शब्दाला माझी मान वर झाली.

बीआरएमचा विस्तार 'ब्रेवे दे रांदोनर मोंदियो' असा आहे. उच्चारताना जीभ टाळ्याला चिकटली तर तो बरोबर समजावा. ब्रेवे म्हणजे प्रमाणपत्र. पॅरिसमध्ये ऑडॅक्स नावाचा एक सायकल क्लब 1904पासून आहे आणि जगात कुठेही, अगदी आमच्या कात्रजच्या घाटातसुद्धा, कुणी ब्रेवे पुरी केली की त्याची नोंद शेवटी त्यांच्या दफ्तरी होते. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300ला वीस, 400ला सत्तावीस, 600ला चाळीस. एकाच हंगामात चारही केल्यास 'सुपर रांदोनर'. आमच्याकडचे लोक याला सुटसुटीत 'एसआर झालो' म्हणतात, म्हणजे सीए झालो म्हणावं तसं.

त्या रात्री मी नियमावली वाचायला घेतली आणि दोनदा वाचली. काय सुंदर नियमावली! वाटेत ठरावीक ठिकाणी तपासनाके, त्यांना म्हणायचं कंट्रोल. प्रत्येक कंट्रोलची उघडण्याची वेळ ठरलेली, बंद होण्याचीही ठरलेली. उशिरा पोचलात तर बाद. लवकर पोचलात तरी खिडकी उघडेपर्यंत ताटकळत उभं राहायचं. दोन कंट्रोलच्या मधे घरच्या गाडीतून डबा घ्यायचा नाही. कार्ड हरवलं तर सगळं गेलं. पायाने काय केलंत याला अर्थ नाही, कागदावर काय उमटलंय ते बोला. ही फ्रेंच मंडळी आपल्याकडे निदान एकदा तरी वारसनोंद करायला येऊन गेलेली असणार. हिशेबही मी करून पाहिला. ताशी 15 किलोमीटरने 200 किलोमीटरला 13 तास 20 मिनिटं लागतात. वरची दहा मिनिटं त्यांनी सोडून दिलीत. कशासाठी ते लिहिलेलं नाही, पण ती चहाची आहेत हे ज्याने नोकरी केलीय त्याला कळतं.

यांचा मूळ कुंभमेळा म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस. 1200 किलोमीटर, मुदत 90 तास, येतो दर चार वर्षांनी. 1891 साली पहिल्यांदा झाला तेव्हा ती चक्क शर्यत होती आणि शार्ल टेरों नावाचा गडी सुमारे 71 तासांत, न झोपता, पहिला आला. पुढे या शर्यतीच्या नावाने एका फ्रेंच हलवायाने चाकासारखी गोल पेस्ट्री काढली. तिचं नावच पॅरिस–ब्रेस्ट, आणि अजून ती खपते. आमची ब्रेवे पुणे ते पांचगणी आणि परत अशी होती, पण पुणे–पांचगणी नावाची बाकरवडी निघायला अजून बराच अवकाश आहे.

घरात जाहीर केल्यावर बायकोने शांतपणे विमा पॉलिसीचे हप्ते भरलेत का, एवढं विचारलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिला मुद्द्याचंच लागतं.

"नंबर किती काढतात?"

"नंबर नसतो, आई."

"बक्षीस?"

"मेडल मिळतं. त्याचे पैसे आपणच भरायचे."

आईने पोथीत डोकं घातलं.

आमच्या घरात सायकलचं कौतुक व्हावं अशी परिस्थिती नाहीच. पुणं जेव्हा सायकलींचं शहर होतं तेव्हा वडील रोज सदाशिव पेठेतून खडकीला कारखान्यात जायचे. येऊन-जाऊन सोळा किलोमीटर तरी धरा, वर्षाचे तीनशे दिवस, अशी तीस वर्षं. एक लाख चव्वेचाळीस हजार किलोमीटर होतात. म्हणजे 720 ब्रेवे. रेनकोट नव्हता, धोतराला क्लिप होती आणि कारखान्याचं फाटक ठरल्या मिनिटाला बंद व्हायचं. म्हणजे कंट्रोल होतंच. पॅरिसला कळवायचं तेवढं राहून गेलं.

जुलैतला रविवार उजाडला असं म्हणवत नाही, कारण उजाडलं नाहीच. पहाटे साडेपाचला पेट्रोल पंपाच्या छपराखाली चाळीसेक माणसं आणि चाळीसेक सायकली उभ्या होत्या. पाऊस असा, की समोरच्याचं हेल्मेट दिसे पण चेहरा दिसेना. पुढचा दिवा, मागचा तांबडा दिवा, चमकणारं जाकीट, हेल्मेट, सगळं तपासून झालं. बाकीच्यांच्या सायकली उचलायला एक बोट पुरेल अशा. माझीला मडगार्ड होती. त्यांकडे बघून एक-दोन जण समजूतदारपणे हसले. (पुढे तीन तासांत त्यांच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाचा जो उभा पट्टा उमटला, तो मी मागून निवांत बघत होतो. तोंडात त्यांच्या चाकाचा चिखल गेला नसता तर हसलोही असतो.)

मग ते कार्ड हातात आलं. घडीचं, जाड कागदाचं, आत चौकोन आखलेले. सही करा म्हणाले. मी बँकेत नमुना सही करतात तशी सावकाश, शेवटी दोन टिंबं देऊन सही केली. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. ही पिशवी काल संध्याकाळपर्यंत पोह्यांची होती, हे नोंदवून ठेवतो.

सहाला सुटलो. जुन्या कात्रज घाटात डोंगरावरून येणारं पाणी रस्त्याचा उपयोग रस्त्यासारखाच करत होतं. बोगदा पार करून शिंदेवाडीकडे उतरेस्तोवर चाळीसांतले पस्तीस दिसेनासे झाले. रेस नसते हे खरं, पण ते बाकीच्यांना सांगितलेलं नसावं. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर सायकलला टोल नाही. त्या दिवशी मला शासनाकडून मिळालेली सवलत ती एवढीच.

नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपून सातारा सुरू होतो आणि नेमकं तिथेच, शिरवळच्या अलीकडे-पलीकडे, मागचं चाक बसलं. हायवेवरच्या पंक्चरचं कारण खिळा नसतो, तार असते. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या पोटातल्या केसासारख्या पोलादी तारा रस्त्यावर पसरतात आणि ओल्या रस्त्यावर त्या चाकाला चिकटून मुकाट आत जातात. शोधायला टायरच्या आतून बोट फिरवायचं. तार सापडल्याचं बोटाला आधी कळतं.

सायकल उलटी करून बसलो तोच प्रेक्षक जमले. दोघे पानपट्टीतून आले, एक म्हशीबरोबर चालला होता तो म्हशीसकट थांबला.

"कुठनं आला?"

"पुण्यातनं."

"कुटं निगाला?"

"पांचगणीला."

"काय काम हाय?"

"काम नाही. तिथे शिक्का घ्यायचा आणि परत यायचं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. पाऊस तेवढा पडत होता.

"यष्टी बंद हाय का?" म्हशीवाल्याने हळूच विचारलं. त्याच्या आवाजात इतकी खरी काळजी होती, की मी हो म्हणालो.

खंबाटकीच्या घाटात मला सोबत मिळाली. बेंगळुरूकडे निघालेला, मालाने खच्चून भरलेला एक ट्रक पहिल्या गिअरात कण्हत चढत होता आणि योगायोगाने आमच्या दोघांचा वेग सारखाच, ताशी सात किलोमीटर. क्लीनर खिडकीत कोपर टेकून बसलेला. पोरगा निपाणीकडचा. अर्धा घाट आमच्या गप्पा झाल्या. त्याच्या बहिणीचं लग्न ठरत नव्हतं, माझा मुलगा अभ्यास करत नव्हता. मधेच त्याने मागे लोंबणाऱ्या दोराकडे बोट केलं.

"सर, धरा की. वरपर्यंत नेतो. कोण बघतंय?"

कोणीही बघत नव्हतं. दोर जाड होता, ओला होता, हातभर अंतरावर होता. माझ्या आयुष्यात मला आजवर कुणी लाच देऊ केली नव्हती. खातेदार फार तर दिवाळीला डायरी देतात. मी दोराकडे पाहिलं, आणि तो घाटाच्या कड्याला घासत जाई तोवर पाहतच राहिलो. "नियमात बसत नाही," मी म्हणालो. त्यानेही मान डोलावली. मग उतार लागला आणि आमची मैत्री संपली.

सुरूर फाट्याला वळून वाईत पोचलो तेव्हा दहा पन्नास झाले होते. इथलं कंट्रोल बिनमाणसांचं. सूचना अशी, की गावातल्या कुठल्याही दुकानाचं वेळ छापलेलं बिल किंवा एटीएमची पावती घ्यावी, तोच पुरावा. खिडकी बंद व्हायची वेळ 11:52. म्हणजे तासभर हातात. पण पुढे पसरणीचा घाट होता, आणि पांचगणीचं कंट्रोल 12:40ला बंद होणार होतं.

टपरीवर दोन चहा घेतले आणि बिल मागितलं.

"बिल? कुणाला दाखवायचंय, सायेब?"

"पॅरिसला."

त्याने पेपरचा तुकडा फाडला आणि '2 चहा' असं लिहून खाली रेघ मारली. वेळ टाका म्हटल्यावर 'सकाळी' असं टाकलं.

मग एटीएमकडे धावलो. म्हणजे धावायची इच्छा केली. पाय पॅडलच्या गोलातच फिरत होते, त्यांना सरळ चालायची सवय उरली नव्हती. एटीएम माझ्याच बँकेचं. एसीच्या गारठ्यात ओल्या कपड्यांनी उभा राहिलो, कार्ड घातलं, शिल्लक मागितली. यंत्राने शिल्लक दाखवली, ती पाहून आणखी गारठलो. पावती हवी का? हो. मग अक्षरं आली : 'क्षमस्व, पावती उपलब्ध नाही.'

कागदाचा रोल संपलाय. हे वाक्य मी बावीस वर्षांत खिडकीच्या या बाजूने किती वेळा म्हटलंय! त्याच्या पुढचं वाक्यही मला पाठ आहे : 'तक्रार अर्ज लिहून द्या, वर पाठवतो.' त्या काचेच्या खोलीत मी एकटाच होतो. नाहीतर स्वतःला अर्ज दिला असता.

वाई हे विश्वकोशाचं गाव. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली जगातल्या यच्चयावत विषयांचं ज्ञान अकारविल्हे लावण्याचं काम इथं चाललं. त्या गावात मला एक छापील बिल मिळेना. शेवटी औषधाचं दुकान दिसलं. तिथे कॉम्प्युटर होता. आता घ्यायचं काय? अठ्ठ्याऐंशी किलोमीटर सायकलच्या सीटवर काढल्यामुळे गरज कशाची आहे हे ठरवायला वेळ लागला नाही. बाळांच्या लंगोटाने होणाऱ्या पुरळावरचं मलम मागितलं.

"बाळ किती महिन्यांचं?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"नाव सांगा. बिलावर टाकावं लागतं."

मी माझं नाव सांगितलं. बाळाला वडिलांचंच नाव ठेवलेलं पाहून त्या बाई किंचित थबकल्या. "डॉक्टर कोण?" डॉक्टर नव्हते. बिल आलं. त्यावर वेळ होती 12:31. घड्याळात 11:08.

"कॉम्प्युटर पुढं आहे थोडा," बाई म्हणाल्या. "लाईट गेली की असं होतं."

मी आयोजकांना फोन लावला. आवाज इतका रडवेला असावा, की पलीकडचा मुलगा घाबरला. "काका, सेल्फी काढा ना ढोल्या गणपतीसमोर. काल रात्रीच ग्रुपवर टाकलंय, सेल्फी चालेल म्हणून."

मी ग्रुप उघडला. 'कृपया रेनकोट आणावा' आणि 'कुणाकडे जादा ट्यूब आहे का' यांच्या ढिगाऱ्यात, आठ शुभ रात्री आणि एक फुलांचा गुच्छ यांच्या मधोमध, ती सूचना होती. सूचना फलकावर लावली होती, आपण वाचली नाही, यात बँकेचा काय दोष? हेही वाक्य माझंच.

ढोल्या गणपतीसमोर घाटावर उभं राहून फोटो काढला. कृष्णा दुथडी भरून गढूळ वाहत होती. फोटोत मी एका हातात मलम आणि दुसऱ्या हातात पेपरचा तुकडा धरून उभा आहे. 'सकाळी' हा शब्द स्पष्ट वाचता येतो.

पसरणीचा घाट बारा किलोमीटरचा आहे आणि त्यात गंमत काहीही नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, पांचगणीला त्याच्या निम्माही नाही, हे मी आदल्या रात्री वाचून निर्धास्त झालो होतो. त्या दिवशी महाबळेश्वरचा पाऊस सुट्टीला पांचगणीत आला असावा. समोरचा वारा असा, की वळणावर सायकल नुसती धरून ठेवण्यातच जोर संपे. ढग रस्त्यावर बसले होते. पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. गावाजवळून जाताना मला वाटलं, आता छाती फुगवून काहीतरी म्हणावं. तोंड उघडलं आणि पाणी आत गेलं. दोन वळणं मी उतरून चाललो, हे इथे पहिल्यांदाच सांगतोय. चालण्याला नियमात बंदी नाही, मी तपासलं आहे.

12:33. पांचगणीच्या कंट्रोलवर एका कार्यकर्त्याने छत्रीखाली कार्ड उघडलं आणि शिक्का मारला. ठप्प. हा आवाज मी लाखो वेळा काढला असेल, पण बाहेरच्या बाजूने तो कसा ऐकू येतो हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या मागून दोघे 12:44ला आले. कार्यकर्त्याने घड्याळ पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. दोघांच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. मी खाली मान घालून केळं सोलू लागलो. अशा वेळी आपण खिडकीच्या आतून काय करतो ते मला पाठ असल्यामुळे तिकडे बघवेना.

परतीचं थोडक्यात. उतारावर चढापेक्षा जास्त थंडी वाजते, कारण तिथे करायला काही नसतं. बोटं ब्रेकवर अशी गोठली, की वाईत मिसळ खाताना पाव एका हातातून दुसऱ्या हातात घेता येईना. पाऊण तास त्या हॉटेलात बसलो आणि तीच चूक झाली. बसलेल्या माणसाला उठवायला शर्यतही नाही, स्पर्धाही नाही, मागून येणारं कुणीच नाही. परतीला खंबाटकीचा घाट लागत नाही, बोगदा लागतो. त्याच्या आत पाऊस पडत नाही हे लक्षात यायला मला अर्धा बोगदा लागला. पुढे दुसरं पंक्चर. आणि खेड शिवापूरच्या अलीकडे, महाबळेश्वरहून परतणारं सगळं पुणं रस्त्यावर उभं. एका मोटारीच्या काचेला नाक लावून एक लहान मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात मक्याचं कणीस होतं. मी कणसाकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे, तिने ते लपवलं.

कात्रजचा घाट मागच्या बाजूने चढताना अंधार पडला. पुढच्या दिव्याने तीनदा डोळे मिचकावले आणि मंद झाला. सात वाजून आठ मिनिटं. फ्रेंचांनी ठेवलेली ती दहा मिनिटं चहाची नव्हती, माझ्यासाठीच ठेवली होती, याबद्दल मला बोगद्यात शिरताना खात्री पटली. मी त्यांना मनापासून दुवा दिला, मराठीतच.

पेट्रोल पंपाच्या छपराखाली टेबलामागे एक कॉलेजातली मुलगी बसली होती. 7:25. मी खिशातून पोह्यांची पिशवी काढली. पिशवीला कोपऱ्यात भोक होतं, ते असणारच. पोहे त्यातूनच सांडतात म्हणून ती पिशवी बाद झाली होती. आत कार्डाचा लगदा. पांचगणीचा शिक्का निळ्या ढगासारखा पसरलेला, त्याला एक पोहा चिकटलेला. तिने तो नखाने उडवला, दोन बोटांनी कार्ड उलगडलं आणि कोरडी जागा शोधून शिक्का मारला.

"काका, इथे सही करा."

पेन हातात धरता येईना. मूठ करून धरलं आणि केली. वरती, पहाटेची, दोन टिंबांसकटची सही अजून वाचता येत होती. खालची, कोंबडीने उकरल्यासारखी. फाटलेल्या चेकच्या ढिगात बसून मी बावीस वर्षांत अशा सह्यांवर एकच शेरा मारत आलोय. ओठांवर तोच आला.

"सही जुळत नाही," मी म्हणालो.

"कुणाचीच जुळत नाही," ती म्हणाली आणि कार्ड खोक्यात टाकलं. "चहा गार होतोय तिकडे."

घरी बायकोने दारातच कपडे काढून घेतले. आई जागी होती. मी आपला थरथरत्या बोटांनी मोबाइलवर तिला फोटो दाखवले : ढोल्या गणपती, मलम, ढग, पांचगणीची छत्री. कंट्रोल कसं असतं, वेळ कशी संपते, शिक्का कसा मिळवावा लागतो, सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे दिवसभर शिक्का मारून घ्यायला गेला होतास?"

"हो."

"अरे, मग बँकेतून आणायचा की तुझा," ती म्हणाली आणि दिवा मालवायला सांगितलं.